बिक्टनचा जमीनदार आणि नागपूरची गादी

इंग्लंडच्या पश्चिम अंगाला, वेल्सच्या सीमेशीं लागून, श्रॉपशायर नांवाचा एक परगणा आहे. सेव्हर्न नदीनें जवळजवळ चोहोंकडून वेढलेलें श्रूझबरी हें त्याचें मुख्य शहर. या शहराजवळ बिक्टन येथें जेंकिन्स नांवाच्या घराण्याची जमीन व वाडा होता. घराणें लॉर्डांचें नव्हतें आणि कुळवाड्यांचेंहि नव्हतें. या दोहोंच्या मध्यें जमीनदार गृहस्थांचा जो एक मोठा वर्ग त्या देशांत होता, त्यांतलें तें एक. शेतें कुळांकडून कसून घ्यावयाचीं, गांवच्या चर्चच्या व्यवस्थेंत लक्ष घालावयाचें, बिनपगारी न्यायाधीश होऊन किरकोळ तंटे तोडावयाचे, आणि ऐपत व हौस असेल तर पार्लमेंटांत जाऊन बसावयाचें, असा या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम असे. आपल्याकडील जुन्या देशमुखाची मूर्ति डोळ्यांपुढें आणली, तर या गृहस्थाची थोडीफार कल्पना येईल. फरक एवढाच, कीं राज्य कसें चालावें हें आपल्या देशमुखाला कोणी विचारीत नसे, आणि श्रॉपशायरच्या देशमुखांच्या मतावर प्रधानमंडळें उभीं राहत व कोसळत.

या घराण्यांत ता. १८ फेब्रुवारी १७८५ रोजीं रिचर्ड जेंकिन्स याचा जन्म झाला. तो बापाचा थोरला मुलगा. त्याच्या आईचें नांव हॅरिएट कॉन्स्टन्शिया. तिचें माहेर वेल्सच्या हद्दींतील रेक्सहॅम येथील रेव्हन्सक्रॉफ्ट घराण्याचें. इंग्रज जमीनदारांची चाल अशी, कीं जमीन अखंड राहावी म्हणून ती थोरल्याकडे जावयाची आणि धाकट्यांनीं सैन्यांत, धर्मखात्यांत किंवा कंपनीच्या नोकरींत आपलें नशीब काढावयाचें. आपल्याकडे भाऊबंदकीनें वतनांच्या चिंधड्या होतात, तसें तेथें होत नसे. मात्र धाकट्या मुलांना घराबाहेर काढूनच ती अखंडता साधलेली असे. जेंकिन्सच्या घरीं थोरला मुलगाच हिंदुस्थानांत आला. १८०० सालीं, मिसरूडहि फुटलें नाहीं अशा वयांत, कंपनीचा कारकून म्हणून तो मुंबई इलाख्याच्या नोकरींत दाखल झाला. कलकत्त्यास लॉर्ड वेलस्लीनें काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यानें पौरस्त्य भाषांचा अभ्यास केला व त्यांत नांवहि मिळविलें.

त्याची पहिली कसोटी मराठ्यांच्याच छावणींत लागली. १८०४ सालीं दौलतराव शिंद्यांच्या लष्करांत इंग्रजांचा जो रेसिडेंट होता त्याचा मदतनीस म्हणून जेंकिन्सची नेमणूक झाली. त्याच सालीं रेसिडेंट वारला आणि सारा भार या एकोणीस वर्षांच्या पोरावर पडला. १८०५ च्या जानेवारींत त्याचा तळ लुटला गेला, आणि पुढें कित्येक महिने शिंद्यांच्या लष्करांतून त्याला हलतां आलें नाहीं. मराठी राजकारणाविषयीं जेंकिन्सच्या मनांत पुढें जो कायमचा अविश्वास दिसतो, त्याचें मूळ या महिन्यांत शोधलें तर तें चुकीचें होणार नाहीं.

नागपूरशीं त्याचा संबंध १८०७ सालीं जडला. आरगांवची लढाई आणि गाविलगडचा पाडाव होऊन १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवचा तह झाला होता. त्या तहानें दुसऱ्या रघूजीराजांच्या हातून कटक आणि वऱ्हाड हे दोन्ही सोन्यासारखे मुलूख गेले होते, आणि नागपुरास कायमचा इंग्रज रेसिडेंट येऊन बसला होता. पहिला रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याच्या जागीं प्रथम हंगामी म्हणून जेंकिन्स आला, १८१० सालीं कायम झाला, आणि १८२७ पर्यंत येथेंच राहिला. बाविसाव्या वर्षीं आलेला माणूस बेचाळिसाव्या वर्षीं परत गेला. त्याच्या आयुष्याचा भर बिक्टनमध्यें गेला नाहीं, लंडनमध्येंहि गेला नाहीं. तो सीताबर्डीच्या टेकडीखालीं गेला.

दुसरे रघूजीराजे हयात होते तोंवर तैनाती फौजेचा फांस त्यांनीं गळ्यांत पडूं दिला नाहीं. पेंढारी मुलूख जाळीत होते, तिजोरी रिकामी होत होती, तरी या एका बाबतींत ते ढळले नाहींत. १८१६ च्या मार्चांत ते वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीरानें व बुद्धीनें पंगु. त्यामुळें पुतणे आप्पासाहेब कारभार पाहूं लागले, आणि दरबारांतील विरुद्ध पक्षापुढें आपला पाय टिकावा म्हणून त्यांनीं इंग्रजांचा हात धरला. ता. २७ मे १८१६ रोजीं रात्रीं तैनाती फौजेचा तह झाला. त्या फौजेच्या खर्चाबद्दल दरसाल साडेसात लाख रुपये देण्याचें ठरलें. काकांनीं तेरा वर्षें जें टाळलें, तें पुतण्यानें दोन महिन्यांत मान्य केलें. ता. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी अंथरुणांत मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळीं चांद्याकडे होते. ते राजे झाले. आणि राजे होतांच, ज्या दोरीनें ते वर चढले होते ती दोरी गळ्याला काचूं लागल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें.

पुढची हकीकत नागपूरकरांना पाठ आहे. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. पेशव्यांनीं पाठविलेलीं सेनापतिपदाचीं वस्त्रें आप्पासाहेबांनीं ता. २४ रोजीं जाहीरपणें स्वीकारलीं आणि ता. २६ च्या संध्याकाळीं सीताबर्डीवर बंदुका सुरू झाल्या. इंग्रजांचीं माणसें १,४०० च्या आंतबाहेर, भोसल्यांचीं १८,००० च्या घरांत. लहान टेकडी अरबांनीं घेतली होती, आणि ता. २७ रोजीं सकाळीं इंग्रजांचा डाव संपला असेंच दिसत होतें. परंतु कॅप्टन फिट्झजेरल्डच्या घोडेस्वारांचा हल्ला आणि अरबांच्या बाजूला दारूगोळ्याचा झालेला स्फोट यांनीं पारडें फिरविलें. जेंकिन्स त्या रात्रीं टेकडीवरच होता. त्याचा मदतनीस सॉदबी लढाईंत पडला. इंग्रजांचीं ३६७ माणसें मेलीं व जखमी झालीं. लढाई आपल्या हुकुमावांचून सुरू झाली, असा निरोप घेऊन आप्पासाहेबांचे वकील दुसऱ्याच दिवशीं आले. हा निरोप खरा असो वा खोटा, जिंकलेल्या राजाला तो पाठवावा लागला नसता.

यानंतर सात महिन्यांत जेंकिन्सनें जें केलें, तेंच त्याच्या नागपुरी आयुष्याचें मर्म आहे. डिसेंबरांत जनरल डव्हटनची फौज आली, आप्पासाहेब स्वाधीन झाले, शहरांतील अरब बाहेर पडले. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याचा मनोदय आप्पासाहेबांना गादीवर पुन्हां न बसविण्याचा होता. तो हुकूम येऊन पोंचण्यापूर्वींच ता. ६ जानेवारी १८१८ रोजीं जेंकिन्सनें आप्पासाहेबांशीं करार करून त्यांना परत राजवाड्यांत नेऊन बसविलें. नर्मदेकडील मुलूख सोडावा, किल्ले द्यावे, कारभार रेसिडेंटाच्या सल्ल्यानें चालवावा, अशा अटी घातल्या. हेस्टिंग्जनें नाखुषीनें या कराराला मान्यता दिली. परंतु दोन महिनेहि गेले नाहींत तोंच आप्पासाहेबांचें बाजीरावाशीं संधान चालू असल्याचे पुरावे जेंकिन्सच्या हातीं आले, परसोजीच्या खुनाचाहि उलगडा झाला असें त्याला वाटलें, आणि मार्चांत त्यानें स्वतःच बसविलेल्या राजाला कैद केलें. अलाहाबादेकडे नेत असतां ता. १३ मे रोजीं जबलपूरच्या बाजूला शिपायाच्या वेषांत आप्पासाहेब निसटले. महादेवाचे डोंगर, अशीरगड, पंजाब अशी वणवण करीत ते जोधपुरास पोंचले आणि तेथेंच १८४० सालीं वारले. कैद्याला ज्यांनीं वाट करून दिली त्या शिपायांविषयीं इंग्रजी ग्रंथांत तिरस्काराशिवाय दुसरें कांहीं नाहीं. मराठी वाचकाला त्यांच्याविषयीं दुसरें कांहीं वाटल्यास नवल नाहीं.

गादी रिकामी झाली. मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत होता, फौज त्यांची होती, विरोध करणारा कोणी उरला नव्हता. नागपूरचें राज्य त्याच दिवशीं कंपनीच्या मुलखांत मिळवितां आलें असतें. तसें झालें नाहीं. दुसऱ्या रघूजीराजांची मुलगी बानूबाई गुजर घराण्यांत दिलेली होती. तिचा सुमारें दहा वर्षांचा मुलगा बाजीबा याला निवडण्यांत आलें. परसोजीची विधवा दुर्गाबाई हिनें त्याला दत्तक घेतलें, रघूजी असें त्याचें नांव ठेवण्यांत आलें, आणि ता. २६ जून १८१८ रोजीं त्याला भोसल्यांच्या गादीवर बसविलें. मुलगा लहान म्हणून त्याच्या आणि वाड्याच्या देखरेखीचें काम आजी बांकाबाई यांच्याकडे आलें, आणि राज्याचा कारभार राजाच्या नांवानें जेंकिन्स पाहूं लागला.

या गोष्टी नीट ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. गुजरांचा मुलगा भोसल्यांचा राजा होतो, तो कशानें? इंग्रजांच्या सनदेनें झाला असता तर दत्तविधानाची गरजच नव्हती. राजा मेल्यानंतर त्याच्या विधवेनें घेतलेला दत्तक हा खरा वारस होय, असें धरूनच हा विधि झाला, आणि तो रेसिडेंटाच्या डोळ्यांसमोर व त्याच्या संमतीनें झाला. वारसाशिवाय जमीन म्हणजे काय, हें बिक्टनच्या जमीनदाराला सांगावयास नको होतें. लोक ज्याला घराण्याचा मुलगा म्हणून मानतील अशाच मुलाच्या नांवानें कारभार सुरळीत चालेल, हें त्यानें ओळखलें होतें.

पुढचीं आठ वर्षें जेंकिन्सनें नागपूरचें राज्य, अज्ञान मालकाची इस्टेट एखाद्या काटेकोर कारभाऱ्यानें सांभाळावी, तसें सांभाळलें. देवगड घाटाखालील, देवगड घाटावरील, वैनगंगा, चांदा आणि छत्तीसगड असे पांच भाग करून त्यांवर त्यानें इंग्रज अधिकारी नेमले. छत्तीसगडांत नेमलेल्या कॅप्टन अॅग्न्यूनें कारभाराचें ठाणें रतनपूरहून रायपुरास नेलें. आज राज्याची राजधानी असलेल्या रायपूरच्या उत्कर्षाला तेथून आरंभ झाला. मध्यस्थ मक्तेदारांना दूर सारून पाटलांशीं कांहीं वर्षांच्या मुदतीचे करार करणें, नाना नांवांखालीं उकळल्या जाणाऱ्या पट्ट्यांना आळा घालणें, हें त्याच्या महसुली व्यवस्थेचें मुख्य सूत्र होतें. त्यानें पाटलांना गांवांचे मालक केलें नाहीं. तें काम १८६१ सालीं मध्यप्रांत बनल्यावर पुढील बंदोबस्तांत झालें आणि त्यांतून मालगुजार वर्ग निर्माण झाला. १८२१ सालीं कामठीची छावणी वसली. नागपूर शहराची शिरगणती १८२५ सालीं झाली, तींत १,१५,००० हून अधिक माणसें भरलीं.

या साऱ्याचा वृत्तांत त्यानें कलकत्त्याच्या सरकारला सादर केला, तो १८२७ सालीं छापून निघाला. जमिनीचे प्रकार, पिकें, जाती, व्यापार, न्याय, चौकी-पहारे, भोसल्यांचा पूर्वेतिहास, कशाचीहि माहिती त्यांत वगळलेली नाहीं. नागपूरच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला हा ग्रंथ ओलांडून जातां येत नाहीं. एवढेंच नव्हे, तर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनीं लिहिलेली नागपूरकर भोसल्यांची बखरहि जेंकिन्सच्याच सांगण्यावरून तयार झाली. ज्यानें राज्याचा कणा मोडला त्यालाच त्या राज्याची कुळकथा लिहून घ्यावीशी वाटावी, यांत विसंगति दिसते. पण ती तेवढी खरी नाहीं. नवी जमीन ताब्यांत आली म्हणजे शहाणा जमीनदार प्रथम जुने कागद मागवितो. छत्तीसगडांतील प्राचीन हिंदु अवशेषांवरहि त्यानें एक लेख लिहिला व तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत आला. तेथें मात्र केवळ जिज्ञासा दिसते, आणि ती त्याच्या बाजूला जमा धरावी.

त्याचा कारभार चोख होता, हें मराठी लेखकांनींहि नाकारलेलें नाहीं. परंतु हा चोखपणा दिवाणजीचा होता. कुळ सुखी राहावें, वसुली वेळेवर यावी, हिशेब जुळावा, येथपर्यंत त्याची दृष्टि स्वच्छ चाले. त्या मुलखाच्या लोकांनीं आपला कारभार आपण करण्यास शिकावें, हा विचार त्या दृष्टीच्या टप्प्यांत येत नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं आठ वर्षें गेल्यावर नागपूरच्या मुत्सद्द्यांची जुनी पिढी निकामी झाली आणि नवी तयार झाली नाहीं. ता. १३ डिसेंबर १८२६ च्या तहानें कारभाराचा कांहीं भाग तिसऱ्या रघूजीराजांच्या हातीं देण्यांत आला, उरलेला १८३० च्या सुमारास मिळाला. तोंवर राजे बाविशीला पोंचले होते, आणि राज्य म्हणजे रेसिडेंटाच्या कानावर घालून करावयाची गोष्ट, हें त्यांच्या अंगवळणीं पडून गेलें होतें.

नागपुरांत असतांनाच, ता. ३१ मार्च १८२४ रोजीं, जेंकिन्सनें एलिझाबेथ हेलन स्पॉटिसवुड हिच्याशीं लग्न केलें. तिचे वडील ह्यू स्पॉटिसवुड हेहि कंपनीचेच मुलकी नोकर. आपल्याकडे फडणिशी आणि चिटणिशी करणारीं घराणीं आपसांत सोयरिकी करीत, तशीच ही रीत. १८२७ सालीं जेंकिन्सनें नागपूर सोडलें. परत गेल्यावर तो श्रॉपशायरचा जमीनदार गृहस्थ झाला आणि त्या वर्गाच्या शिरस्त्याप्रमाणें राजकारणांत शिरला.

१८३० सालीं श्रूझबरीच्या दोन जागांपैकीं एका जागेवर तो टोरी पक्षातर्फे पार्लमेंटांत निवडून आला. या जागेला हिंदुस्थानच्या इतिहासांत एक विचित्र परंपरा आहे. प्लासीची लढाई जिंकणारा रॉबर्ट क्लाइव्ह हा श्रॉपशायरचाच. तो १७६१ पासून मरेपर्यंत श्रूझबरीचाच प्रतिनिधि होता. जेंकिन्स प्रथम १८३० ते १८३२ आणि पुन्हां १८३७ ते १८४१ असा दोनदां निवडून आला. १८४१ सालीं तो बाजूला झाल्यावर त्याच शहरानें बेंजामिन डिझरायली याला निवडून दिलें. त्यानेंच पुढें पंतप्रधान असतांना १८७६ सालीं व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब देणारा कायदा केला. लोकरीच्या व्यापारावर वाढलेल्या त्या गांवांतील थोड्याशा मतदारांनीं कोणा कोणाला पाठविलें, याचा हिशेब गंगेच्या आणि वैनगंगेच्या कांठीं फेडावा लागला.

पार्लमेंटच्या सुधारणेचें बिल त्या काळीं गाजत होतें. जुन्या जमीनदारांच्या हातांतून मताचा अधिकार मध्यमवर्गाकडे जाणार होता, आणि जेंकिन्सचा पक्ष त्याच्या विरुद्ध होता. १८३२ सालीं बिल मंजूर झालें. त्याच वर्षीं कंपनीच्या सनदेचा फेरविचार करण्यासाठीं बसलेल्या समितीपुढें देशी संस्थानांच्या बाबतींत जेंकिन्सची साक्ष झाली. हिंदुस्थानांतील अनुभव हें त्याचें खरें भांडवल होतें, आणि तें वटलें तें लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरींत. १८३२ सालीं तो डायरेक्टर झाला, १८३८ सालीं उपाध्यक्ष झाला व त्याच वर्षीं बाथचा ग्रँड क्रॉस हा मान मिळून सर रिचर्ड झाला, आणि १८३९ सालीं कंपनीच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला.

हें १८३९ साल मराठ्यांना विसरतां येण्याजोगें नाहीं. सप्टेंबरांत साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांना मुंबई सरकारनें पदच्युत करून काशीला पाठविलें. त्यांचा निष्ठावंत वकील रंगो बापूजी १८४० सालीं लंडनला गेला आणि कंपनीच्या मालकांपुढें व पार्लमेंटच्या सभासदांपुढें दाद मागत तेथें तेरा वर्षें राहिला. दाद लागली नाहीं. सीताबर्डीच्या रेसिडेंटानें एके काळीं नागपूरच्या राजाला उतरविलें होतें. छत्रपति उतरले त्या वर्षीं तोच कंपनीचा प्रमुख होता.

१८५३ च्या डिसेंबरांत ही कथा दोन टोकांना एकाच वेळीं संपली. ता. ११ रोजीं नागपुरांत तिसरे रघूजीराजे वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातींत त्यांनीं दत्तक घेतला नव्हता. यशवंतराव अहेरराव या आप्ताच्या हातून अंत्यविधि करविण्यांत आला, आणि यालाच दत्तक म्हणून मान्यता मिळावी असा वाड्याचा आग्रह होता. त्यानंतर एकोणीस दिवसांनीं, ता. ३० रोजीं, लंडनजवळ ब्लॅकहीथ येथें सर रिचर्ड जेंकिन्स मरण पावला. राजाच्या मृत्यूची बातमी त्या काळच्या टपालानें इतक्यांत विलायतेला पोंचणें शक्य नव्हतें. ज्याला गादीवर बसवितांना तो हजर होता तो मुलगा आपल्या अगोदर गेला, हें त्याला कळलें नाहीं.

ता. २८ जानेवारी १८५४ रोजीं लॉर्ड डलहौसीनें नागपूरसंबंधीं आपलें टिपण लिहिलें. १८१७ च्या युद्धानें नागपूरचें राज्य इंग्रजांचें झालें, १८१८ सालीं तें रघूजीला कृपेनें दिलेलें होतें, आणि ज्याला दिलें तो निपुत्रिक मेला म्हणून तें परत आलें, असा त्याचा युक्तिवाद. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे मँचेस्टरचे डोळे लागलेले आहेत, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. कौन्सिलांतील कर्नल लो यानें विरोध नोंदविला. तो एकटा पडला.

येथें १८१८ च्या जूनमधील तो विधि आठवावा. राजाच्या मरणानंतर विधवेनें घेतलेला दत्तक तेव्हां चालला, कारण तो चालण्यांत कंपनीची सोय होती. पस्तीस वर्षांनीं तोच प्रकार त्याच घराण्यांत, त्याच वाड्यांत चालला नाहीं. आणि दोन्ही वेळां वाड्यांत तीच वडीलधारी बाई होती. बांकाबाई आतां ऐंशीच्या घरांत होत्या. दुर्गाबाईचें दत्तविधान त्यांनीं पाहिलें होतें, जेंकिन्सशीं पडद्याआडून बोलणीं केलीं होतीं, नातवाला वाढविलें होतें. साहेबाचा शब्द काय होता तें सांगणारें दुसरें कोणी त्या दोघींतिघी राण्यांना उरलें नव्हतें, आणि जो सांगूं शकला असता तो ब्लॅकहीथला नुकताच वारला होता. तो जिवंत असता तर त्यानें भोसल्यांच्या बाजूनें साक्ष दिली असतीच असें नाहीं. परंतु ती साक्ष कोणी घेतलीच नाहीं.

मार्चांत नागपूर खालसा झालें. वाड्यांतील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलांवानें विकले गेले; राण्यांच्या डोळ्यांदेखत पिढीजात जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झालें आणि तेथील बाजारांत फुंकलें गेलें. त्या पैशांतून भोसला फंड नांवाची ठेव करण्यांत आली. १८५७ च्या धामधुमींत बांकाबाईंनीं नागपूर शांत ठेवलें. ज्यांनीं राज्य बुडविलें त्यांच्याच उपयोगीं त्या पडल्या, असा दोष त्यांना अनेकांनीं दिला आहे. सीताबर्डीची लढाई आणि तिचे परिणाम ज्या स्त्रीनें भर वयांत पाहिले, तिला पुन्हां तोच जुगार खेळण्याचा धीर झाला नसेल. १८५८ सालीं त्या वारल्या. १८६० सालीं लॉर्ड कॅनिंगच्या सरकारनें यशवंतरावांचें दत्तविधान मान्य केलें. जानोजी या नांवानें ते भोसले घराण्याचे प्रमुख झाले. सातारा जिल्ह्यांतील देऊर गांवावरून देऊरचे राजेबहादूर असा किताब आणि नेमणूक त्यांना मिळाली. राज्य मात्र मिळालें नाहीं.